अंधुक दीर्घिका आणि धूमकेतू घरच्या दुर्बिणीतून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घिका असते लाखो-कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर आणि धूमकेतू आपल्याच सूर्यमालेतला. तरी दोघांना एकाच पानावर घेतलंय, कारण आयपीसमध्ये (दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग) दोन्ही सारखेच दिसतात: काचेवर हळूच फुंकर मारल्यावर उमटावा तसा धुरकट डाग. पाहायची पद्धतही एकच. उत्तरं सहा ते दहा इंची आरशाच्या दुर्बिणीसाठी आणि महाराष्ट्राच्या अक्षांशांसाठी लिहिली आहेत. उंचीचे आकडे पुण्याचे, म्हणजे १८.५ अंश उत्तर अक्षांश धरून.

फोटोत दिसते तशी दीर्घिका आयपीसमध्ये का दिसत नाही?

कॅमेरा मिनिटं-तास प्रकाश साठवतो. डोळा सेकंदाच्या काही भागापुरताच साठवतो. शिवाय इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून दीर्घिका राखाडीच दिसते. ती जांभळी-गुलाबी दिसेल या आशेने दुर्बीण घेतली तर पहिल्याच रात्री हिरमोड होतो. उलट लांबट डाग, मध्यभागी उजळपणा, एका बाजूला तुटक कडा एवढं ओळखता आलं, की आपण खरोखर काहीतरी पाहिलं.

दुर्बीण कितीची हवी?

आधी १०×५० ची द्विनेत्री. देवयानीतली एम ३१ दीर्घिका (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), अंधाऱ्या जागेहून एम ३३ आणि सातव्या प्रतीपर्यंतचे धूमकेतू (प्रत म्हणजे तेजाचा अंक, मोठा तितकी वस्तू अंधुक) त्यातूनही दिसतात, आणि आकाशाची ओळख होते ती वेगळीच. त्यानंतर थेट आठ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण). ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या तुलनेत ती सव्वातीन पट प्रकाश गोळा करते. सहा इंचीही चालते. जिने चढून गच्चीवर रोज न्यायची असेल तर सहा इंचीच बरी, कारण जी उचलवत नाही ती दुर्बीण वापरली जात नाही. डगमगणाऱ्या तिवईवरच्या आणि खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेल्या ६०-७० मिलिमीटरच्या दुर्बिणींपासून लांब राहा. चंद्रासाठी त्या ठीक, पण अंधुक दीर्घिका त्यांच्या आवाक्यातल्या नाहीत.

यादीत प्रत ५.७ लिहिली आहे, तरी एम ३३ दिसत नाही. दुर्बिणीत दोष आहे का?

नाही. नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. यादीतली प्रत म्हणजे दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर येणारी प्रत. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो. चमचाभर तूप एका भाकरीवर लावा किंवा दहा भाकऱ्यांवर, तूप तेवढंच, पण दहाव्या भाकरीवर ते जाणवत नाही.

हिशोब सोपा आहे. दीर्घिकेचं क्षेत्रफळ चौरस कलांत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) काढा (लांबी × रुंदी × ०.७८५), त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, २.५ ने गुणा आणि प्रतीत मिळवा. हाती येते ती दर चौरस कलेमागची प्रत, म्हणजे पृष्ठतेज. आकडा जितका मोठा, तितकी वस्तू फिकी.

एम ३३ सुमारे ६९ × ४२ कला आहे, तिचं पृष्ठतेज १४.१ येतं. एम १०१ ची प्रत ७.९, पण आकार २९ × २७ कला, म्हणून १४.९. एम ८२ ची प्रत ८.४, पण आकार अवघा ११ × ४ कला, म्हणून १२.३. एम १०४ ची प्रत ८.० आणि पृष्ठतेज ११.५ च्या आसपास.

आता आकाशाचा उजेड याच मापात बघा. शहरातलं आकाश साधारण ९.१, चांगलं अंधारं आकाश १२.६. शहरात एम ३३ त्या उजेडात जेमतेम एक टक्का भर घालते, डोळ्याला ती कळणं शक्यच नाही. अंधाऱ्या माळावर तीच भर पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाते आणि डाग उमटतो. एम १०४ मात्र शहरातही अकरा टक्के भर घालते. म्हणून आठव्या प्रतीची एम १०४ गच्चीवरून दिसते आणि पावणेसहाव्या प्रतीची एम ३३ दिसत नाही.

हा सरासरीचा हिशोब आहे. बहुतेक दीर्घिकांचा मध्य सरासरीपेक्षा बराच उजळ असतो, त्यामुळे गाभा दिसतो आणि भुजा हरवतात.

मग मोठा आरसा घेऊन तरी काय फायदा?

दुर्बीण पसरट वस्तूचं पृष्ठतेज कधीच वाढवत नाही. आकाश आणि दीर्घिका दोन्हींना ती सारख्याच प्रमाणात दाखवते. पण मोठ्या आरशामुळे तेवढंच तेज राखून डाग मोठा करता येतो, आणि मंद उजेडात डोळ्याला छोट्या डागापेक्षा मोठा डाग फार सहज कळतो. चार इंचात अंगठ्याच्या नखाएवढा वाटणारा डाग दहा इंचात तळहाताएवढा होतो, तो असा.

मोठेपणा किती ठेवावा?

‘कमीत कमी’ हे जुनं उत्तर अर्धंच बरोबर आहे. आयपीसची फोकल लेंथ भागिले दुर्बिणीचा एफ-अंक (दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास) केलं, की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. आठ इंची एफ/६ मध्ये (फोकल लेंथ १२०० मिलिमीटर) २५ मिलिमीटरचा आयपीस ४८ पट आणि ४.२ मिलिमीटरची शलाका देतो, १५ चा ८० पट आणि २.५, तर १० चा १२० पट आणि १.७.

वस्तू शोधायची २५ ने, पाहायची १५ किंवा १० ने. बहुतेक दीर्घिका दोन-अडीच मिलिमीटरच्या शलाकेत सर्वांत छान खुलतात, कारण आकाशाची पार्श्वभूमी काळी पडते आणि डागही पुरेसा मोठा होतो. एम ३१, एम ३३ आणि मोठ्या पसरट धूमकेतूंना मात्र कमी मोठेपणाच हवा. डागाभोवती रिकामं आकाश दिसलं नाही तर डाग आहे हेच कळत नाही. एम ३१ तीन अंश लांब आहे. २५ मिलिमीटरच्या साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमध्ये जेमतेम एक अंश मावतो, म्हणजे आपण तिचा मधला तुकडाच बघत असतो.

डोळे अंधाराला सरावायला किती वेळ लागतो?

वीस ते तीस मिनिटं, आणि मोडायला एक क्षण. मोबाइलचा स्क्रीन, शेजारच्या जिन्यातला दिवा, मागून येणाऱ्या बाइकचा हेडलाइट, काहीही पुरतं. मोबाइलचा ‘लाल मोड’ पुरेसा नसतो, कारण कमीत कमी उजेडावरही स्क्रीन अंधुक दीर्घिकेच्या मानाने झगमगतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या लाल जिलेटीन कागदाच्या चार-पाच घड्या टॉर्चवर रबरबँडने बांधा. नकाशावरचं अक्षर जेमतेम वाचता येईल एवढाच उजेड हवा.

गच्चीवर असाल तर काळा सुती कपडा डोक्यावरून आयपीसपर्यंत घ्या, जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर घ्यायचे तसा. दिसायला विचित्र दिसतं, पण शहरात फिल्टरवर पैसे घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

तिरकी नजर म्हणजे नेमकं काय करायचं?

डोळ्याच्या पडद्याचा मधोमधचा भाग अंधारात जवळजवळ आंधळा असतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या भोवती दाट असतात. म्हणून डागाकडे थेट न बघता त्याच्यापासून दहा-पंधरा अंश बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र डागावर ठेवायचं.

बाजू कोणती, हेही महत्त्वाचं. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर डागाच्या उजवीकडे टाका, म्हणजे डाग नाकाच्या बाजूला येईल. डाव्या डोळ्याने उलट. चुकीच्या बाजूला बघितलंत तर डाग डोळ्याच्या अंधबिंदूवर पडतो आणि पूर्ण नाहीसा होतो. ‘होता होता गेला’ ही तक्रार बऱ्याचदा यामुळेच असते.

तरीही नसेल दिसत तर नळीला बोटाने हळूच टिचकी मारा. स्थिर मंद डागापेक्षा हलणारा डाग डोळ्याला लगेच कळतो. श्वास रोखू नका, रक्तातला प्राणवायू कमी झाला की पहिला फटका मंद प्रकाशाच्या नजरेला बसतो. आणि एका वस्तूला किमान दहा मिनिटं द्या. पहिल्या मिनिटाला फक्त गाभा, पाचव्या मिनिटाला लांबटपणा, आठव्याला शेजारची छोटी दीर्घिका, असा क्रम असतो.

कोणत्या महिन्यांत काय दिसतं?

जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीतच. पाऊस धुऊन गेल्यावरचं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचं आकाश वर्षातलं सर्वांत स्वच्छ. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास एम ३१ उत्तरेला ६७ अंशांवर असते आणि त्याच वेळी दक्षिणेला ४६ अंशांवर शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ (एनजीसी ही मेसिएहून मोठी यादी). लंडनच्या आकाशात ती तेरा अंशांवर कशीबशी रांगते. तिकडच्या पुस्तकांत तिचं कौतुक कमी आढळतं ते यामुळे. आपल्याकडे ती एम ३१ नंतरची सर्वांत दिमाखदार दीर्घिका आहे.

मार्च-एप्रिल म्हणजे दीर्घिकांचा खरा मोसम. सिंह आणि कन्या जवळपास डोक्यावरून जातात. सप्तर्षी उत्तरेला चढलेले असतात, पण एम ८१ आणि एम ८२ आपल्याकडे कधीच चाळीस अंशांच्या वर जात नाहीत, म्हणून त्या मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतील तेव्हाच गाठा. एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेला नरतुरंगातली एनजीसी ५१२८ अठ्ठावीस अंशांवर येते, मधोमध धुळीचा काळा पट्टा घेऊन. मे महिन्यात उष्मा आणि धूळ यांनी आकाश पांढुरकं होतं. तेव्हा अंधुक दीर्घिकांचा नाद सोडून तारकागुच्छ पाहिलेले बरे.

चंद्राचं गणित कसं बसवायचं?

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कृष्ण एकादशी ते शुक्ल तृतीया हे दिवस मोकळे. तृतीयेचा चंद्र साडेआठच्या आसपास मावळतो. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते, त्यापुढे रोज साधारण पन्नास मिनिटं मिळवत जा. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे संध्याकाळचे चार-पाच तास हातात मिळतात. चंद्र क्षितिजाच्या वर असताना आठव्या प्रतीपेक्षा अंधुक दीर्घिका शोधू नका, वेळ वाया जातो.

पुण्या-ठाण्याच्या गच्चीवरून काय मिळेल?

आठ इंचीतून एम ३१ चा गाभा आणि तिची सोबतीण एम ३२ (ही जाडसर ताऱ्यासारखी दिसते, म्हणून लोक ओलांडून जातात), एम ८१, एम ८२, एम १०४, एम ९४ आणि थोड्या कष्टाने एम ८७. दिवसभर तापलेली गच्चीची फरशी रात्री अकरापर्यंत उष्णता सोडते आणि प्रतिमा थरथरते. फरशीवर दोन बादल्या पाणी ओतून उपयोग नाही, आर्द्रता वाढून दव लवकर पडतं. मध्यरात्रीनंतर पाहा. तेव्हा निम्म्या इमारतींचे दिवेही गेलेले असतात.

अंधारी जागा कुठली?

मुंबईकर हौशी निरीक्षक वर्षानुवर्षं कर्जत लाइनवरच्या वांगणीला जात आले आहेत, पण तिथलंही आकाश आता उजळलं आहे. भंडारदरा, वेल्हे, माळशेजच्या पलीकडचा भाग अजून बरा. विदर्भातल्यांचं नशीब थोर: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पुण्यातल्या आययूका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला बसवली गेली, ती तिथल्या अंधारासाठीच.

जाण्याआधी गावच्या पोलीस पाटलांना कळवून ठेवा. मध्यरात्री माळावर जाडजूड नळी रोखून उभी असलेली चार माणसं बघून कोणालाही शंका येईल. पायांत बूट हवेत, चप्पल नको, आणि बसण्याआधी सतरंजी झटकून घ्या.

डाग शोधायचा कसा? गो-टू (वस्तू आपोआप शोधून देणारी यंत्रणा) नाही.

त्याची गरजही नाही. नळीवर टेलरॅडसारखा वर्तुळं दाखवणारा शोधक आणि ८×५० किंवा ९×५० चा फाइंडर (नळीवरची छोटी शोध-दुर्बीण) असे दोन्ही असू द्या. टेलरॅडची वर्तुळं अर्धा, दोन आणि चार अंशांची असतात, नकाशावर तीच वर्तुळं काढून जुळवायची. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आपल्या आरशाच्या दुर्बिणीत, चित्र उलटं दिसतं, म्हणून नकाशा १८० अंशांत फिरवून धरा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

एम ५१: सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची. तिथून नैर्ऋत्येला साडेतीन अंशांवर. मरीची आधी फाइंडरच्या मध्याला घ्या, मग तिच्या पश्चिमेचा पाचव्या प्रतीचा तारा पकडा आणि तिथून तेवढंच पुढे दक्षिणेकडे झुका. आयपीसमध्ये एक नाही, दोन धुरकट गाभे दिसतील. दुसरा एनजीसी ५१९५ चा.

एम ८१-८२: सप्तर्षींच्या चौकोनात पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत कर्ण काढा आणि तेवढंच अंतर पुढे जा. दोघींत जेमतेम ३७ कलांचं अंतर, एकाच दृष्टिक्षेत्रात मावतात. एक लंबगोल, दुसरी विडीसारखी.

एम ६५-६६: सिंहाच्या मागच्या पायातल्या थीटा आणि आयोटा या दोन ताऱ्यांच्या बरोबर मध्ये. शेजारची एनजीसी ३६२८ दिसली तर आकाश चांगलं आहे असं समजा. आम्ही तर तिलाच आकाशाची परीक्षा मानतो.

एम १०४: चित्रेपासून पश्चिमेला अकरा अंशांवर, हस्त नक्षत्राच्या डोक्यावर.

कन्येचा दीर्घिकासमूह: उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला एप्सिलॉन तारा यांच्या मध्यावर एम ८४ आणि एम ८६ अशी जोडी, एकमेकींपासून १७ कला. हा समूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. इथे डाग इतके दाट की आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. हरवलात तर पुन्हा एम ८४ ला या आणि पूर्वेकडे एकेक डाग मोजत जा. आणखी एक अडचण खास आपल्या अक्षांशांची: हा भाग खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) सहा अंशांवरून जातो, आणि नेमकी तिथेच डॉब्सोनियन आडवी फिरवता येत नाही. मध्यमंडलाच्या तास-सव्वा तास आधी किंवा नंतर पाहा.

फिल्टरने दीर्घिका उजळ दिसते का?

नाही. तेजोमेघ काही ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाश टाकतो, म्हणून तिथे फिल्टर चालतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश, सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला. फिल्टर आकाशासोबत तिलाही कापतो. रस्त्यावर पांढरे एलईडी आल्यापासून जुन्या ‘शहरी’ फिल्टरचाही प्रभाव ओसरला आहे. अपवाद एकच: एम ३३ मधला एनजीसी ६०४ हा तेजोमेघ ओ-३ (फक्त ऑक्सिजनचा ठरावीक प्रकाश सोडणाऱ्या) फिल्टरने उठून दिसतो, भोवतालची दीर्घिका मात्र नाहीशी होते.

धूमकेतूंचं वेगळं. ज्यांत वायू भरपूर असतो त्यांचा हिरवा उजेड द्विअणू कार्बनचा, ५११ ते ५१४ नॅनोमीटरच्या आसपासचा. तेवढाच पट्टा सोडणारा धूमकेतू-फिल्टर अशांना चांगला खुलवतो. धूळबहुल धूमकेतूवर तो व्यर्थ, कारण धूळ नुसता सूर्यप्रकाश परतवते.

सुरुवातीला सगळंच धूसर दिसतं. का?

तीन कारणं. पहिलं, आरसा गरम आहे. आठ इंची आरसा बाहेरच्या हवेशी जुळायला पाऊण ते एक तास लागतो, एसी खोलीतून किंवा उन्हात उभ्या गाडीतून काढला असेल तर त्याहून जास्त. सूर्य मावळताच बाहेर ठेवा.

दुसरं, आरसे जुळलेले नाहीत. क्रम कायम असा: आधी दुय्यम आरसा फोकसरच्या मधोमध, मग त्याचे स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यबिंदूवर नजर, आणि शेवटी मुख्य आरशाचे स्क्रू. क्रम उलटा केला तर रात्रभर फिरवत बसाल. जुळणीसाठी वापरायचा लेसर स्वतःच वाकडा असेल तर तो खोटं सांगतो. फोकसरमध्ये फिरवून बघा, ठिपका गोल काढत असेल तर लेसरचाच दोष. दीर्घिकांना ग्रहांइतकी काटेकोर जुळणी लागत नाही, तेव्हा यात तासभर घालवू नका.

तिसरं, दव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीननंतर, कोकणात तर दहालाच. आधी फाइंडर आणि आयपीस धुरकटतात, मग दुय्यम आरसा. जुन्या योगा मॅटचा तुकडा नळीच्या तोंडाशी गुंडाळा, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब. आयपीस खिशात ठेवा. दव कापडाने पुसू नका, बारा व्होल्टचा ड्रायर लांबून फिरवा.

हा डाग दीर्घिका की धूमकेतू, हे कसं ओळखायचं?

धूमकेतू शोधणारा फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यालाच वैतागला होता. १७५८ मध्ये धूमकेतू पाहताना वृषभ राशीत त्याला एक डाग दिसला, तो हलेचना. पुढे तो यादीतला एम १ झाला. ‘हे धूमकेतू नव्हेत’ म्हणून केलेली ती यादी १७८१ पर्यंत शंभराच्या पुढे गेली. धूमकेतूंसाठी टाकाऊ ठरलेली ही यादीच आज सगळे शोधत बसतात.

परीक्षा हालचालीची. डाग आणि आसपासचे चार-पाच तारे कागदावर काढा, वेळ लिहा, तासाभराने पुन्हा काढा. दिवसाला एक अंश सरकणारा धूमकेतू तासात अडीच कला सरकतो. शंभर पटीत ते स्पष्ट कळतं. डाग दुर्बीण हलवल्यावर ताऱ्यांच्या उलट दिशेने पळत असेल तर ते जवळच्या तेजस्वी ताऱ्याचं काचेतलं प्रतिबिंब.

आज कोणता धूमकेतू कुठे आहे?

लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर कक्षेचे घटक मिळतात, तर सीओबीएस या संग्रहात निरीक्षकांनी प्रत्यक्ष नोंदवलेल्या प्रती. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घटक ताजे करून घ्या. सहा महिन्यांपूर्वीच्या घटकांवर शोधलं तर धूमकेतू भलतीकडेच असतो, आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

प्रतीचं भाकीत मात्र सावधपणे घ्या. २०१३ चा आयसॉन सूर्याजवळून जाताना विरघळला. एप्रिल २०२० मध्ये सी/२०१९ वाय४ ॲटलसचे तुकडे झाले. उलट ऑक्टोबर २००७ मध्ये १७पी/होम्स सतराव्या प्रतीवरून दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला. जुलै २०२० मध्ये नियोवाइज उत्तम दिसत होता, पण तेव्हा आपल्यावर भर पावसाळ्याचे ढग होते. याला इलाज नाही.

सातव्या प्रतीचा धूमकेतू, आकाश स्वच्छ, तरी दिसत नाही?

पृष्ठतेजाचं गणित इथेही लागू. पसरलेला कोमा (धूमकेतूच्या डोक्याभोवतीचा धूसर गोळा) म्हणजे एम ३३ चीच गत. शिवाय धूमकेतू उजळतात ते सूर्याजवळ, म्हणजे क्षितिजालगत, संधिप्रकाशात. दहा अंश उंचीवर हवेच्या थरात एक ते दीड प्रत खर्ची पडते, पाच अंशांवर दोनहून जास्त. आपल्याकडे संधिप्रकाश पूर्ण सरायला सूर्यास्तानंतर सव्वा तास लागतो. तेवढ्यात धूमकेतू मावळणार असेल तर द्विनेत्री घेऊन उघड्या पश्चिम क्षितिजाकडे जा. समुद्रकिनारा रम्य खरा, पण क्षितिजावर धुकट थर असतो. त्यापेक्षा सह्याद्रीचा कडा बरा.

सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय त्या दिशेला द्विनेत्री किंवा दुर्बीण वळवायची नाही. पहाटेचा धूमकेतू पाहताना सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधीच पाहणं बंद करायचं. यात सवलत नाही.

धूमकेतूची प्रत कशी मोजतात?

सिजविक पद्धत शिकून घ्या. वस्तू दिसेल एवढी छोटी दुर्बीण आणि कमी मोठेपणा घ्या. धूमकेतू फोकसमध्ये ठेवून त्याचा आकार आणि सरासरी तेज मनात साठवा. आता प्रत माहीत असलेला तारा घेऊन फोकस बिघडवा, ताऱ्याची तबकडी कोम्याएवढी होईपर्यंत. तेज तोला. एक तारा उजळ आणि एक मंद असे दोन निवडा. समजा ते ७.२ आणि ७.८ आहेत आणि धूमकेतू पहिल्यापासून एक तृतीयांश खाली वाटतो, तर प्रत ७.४. लालसर तारे आणि फार वेगळ्या उंचीवरचे तारे टाळा.

कोम्याचा व्यास घड्याळाने मोजता येतो. दुर्बीण स्थिर ठेवून कोमा दृष्टिक्षेत्राची कड किती सेकंदांत ओलांडतो ते मोजा. सेकंद × ०.२५ × क्रांतीचा (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या अंशांचा) कोसाइन म्हणजे कला. खगोलीय विषुववृत्तावर २४ सेकंद म्हणजे सहा कला. सोबत घनतेचा अंक लिहा: ० म्हणजे नुसता पसारा, ९ म्हणजे ताऱ्यासारखा टोकदार. वेळ जागतिक वेळेत आणि दिवसाच्या दशांशात: रात्रीचे आठ म्हणजे १४:३०, म्हणजे .६० दिवस. साडेपाच तास वजा करायला विसरलात तर नोंद चुकीच्या वेळेवर जाते, आणि ही चूक सर्रास होते.

मला नवा धूमकेतू सापडला असावा. पुढे काय?

आधी नकाशात तिथे दीर्घिका किंवा गुच्छ आहे का ते बघा, मग ज्ञात धूमकेतू, मग प्रतिबिंब. तासाभरात हालचाल दिसली आणि दुसऱ्या माणसाने दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिलं, तरच मायनर प्लॅनेट सेंटरला कळवा. आता बहुतेक धूमकेतू स्वयंचलित आकाश-सर्वेक्षणांनाच आधी सापडतात. भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंना १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना धूमकेतू सापडला, तेव्हा अशी सर्वेक्षणं नव्हती. त्या धूमकेतूला बाप्पू-बोक-न्यूकर्क असं नाव आहे.

पावसाळ्यात दुर्बीण कशी जपायची?

आरशाला बुरशी लागते, आणि ती एकदा ॲल्युमिनियमच्या थरात रुतली की निघत नाही. नळीची दोन्ही तोंडं बंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आयपीस हवाबंद डब्यात ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत परता (स्वयंपाकाची कढई नको). नळी भिंतीला टेकवू नका आणि रेक्झिनच्या पिशवीत कोंडूही नका, ओल आतच राहते. पंधरवड्याने एखाद्या कोरड्या दुपारी उघडून तासभर पंख्याखाली ठेवा.

आरशावर धूळ दिसली म्हणून धुवायला घेऊ नका. थोड्या धुळीने दीर्घिका मंद दिसत नाही, चुकीच्या पुसण्याने मात्र ओरखडे पडतात. दोन-तीन वर्षांनी धुवायचाच झाला तर: आधी नळाच्या पाण्याची हलकी धार, मग भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं, कापसाचा बोळा स्वतःच्या वजनानेच एकदा ओढून घ्यायचा, दाबायचा नाही, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. आरसा तिरका उभा करून वाळू द्या. उरलेला थेंब टिपकागदाच्या कोपऱ्याने शोषून घ्या.